हुंगायची नाहीत ती फुलं

दुर्गापुरा, जयपूर
सोमवार, २१ जून २००४

भीमा,

सगळ्यात आधी जिन्यातून वर आली ती सोनमची बॅग, तिच्यामागं सोनम, आणि जयंती खाली रिक्षावाल्याशी भांडत राहिलेली. मी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. खालून ऐकते तर काय, ‘भैया, भुसावळसे आये हैं, मतलब हमको कुछ समझता नहीं क्या?’ इथं दुर्गापुऱ्यात भुसावळचं नाव कोण घेतंय! बादली हातातून सुटली. निम्मं पाणी माझ्या पायावर आणि निम्मं खाली मिश्राजींनी वाळत घातलेल्या गव्हावर. त्यांच्या बायकोचं तोंड अजून फुगलेलं आहे, पण ते राहू दे.

सोनमला मी ओळखलं नाही गं. सात वर्षांची पाहिलेली पोर. दारात उभी राहून म्हणते, ‘मोठी आजी?’ मी म्हटलं, ‘कोण पाहिजे बाई?’ तर हसली, आणि हसली तशी ओळखलं. वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, तुझे आहेत तसे. जयंती वर आली, पदरानं घाम पुसत म्हणाली, ‘मावशी, आधी पाणी दे, मग रड.’ तुझ्या लेकीची जीभ आहे तशीच आहे.

माझी सून अलका घरात होती म्हणून बरं, तिनं सरबत केलं. उत्तमची ड्यूटी होती, आजकाल तो जंक्शनला रिझर्वेशनच्या खिडकीवर बसतो. दोन तास बसल्या दोघी. सोनमला डॉक्टर व्हायचंय, त्याच्या परीक्षेचा क्लास इथं गोपालपुऱ्यात लावला, मुलींच्या हॉस्टेलात खोली मिळाली, हे सगळं जयंतीनं सांगितलं. एवढ्या गावांत जयपूरच का निवडलं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोपालपुरा इथून रिक्षानं पंधरा मिनिटं.

तू काही निरोप दिलास का, तेही विचारलं नाही. खोटं कशाला लिहू, विचारलं. जयंती सरबताचा ग्लास बघत बसली.

मग सोनम म्हणाली, ‘मोठी आजी, तुमचं अक्षर मला पाठ आहे. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते आजीला.’ भीमा, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं जयंती वाचत असेल, नाहीतर शेजारचं कोणी. मी चौथीपर्यंत गेले आणि तुला भावाला सांभाळायला घरी ठेवलं, म्हणून आज मी लिहिते आणि तू ऐकतेस. पण इतकी वर्षं एवढीशी पोर वाचत होती तर! मी विचारलं, ‘ऐकून काय म्हणते गं?’ तर म्हणे, ‘काही नाही. मी थांबले की म्हणते, पुढचं वाच. संपलं की म्हणते, ठेव.’

एवढंही पुष्कळ आहे.

त्यांना लंकेचे फोटो दाखवले. मार्चमध्ये मी सिंहलद्वीपाला जाऊन आले हे तुला मागच्या कार्डात लिहिलं होतं, पण कार्डावर काय मावणार. अलकाच्या माहेरची नागपूरची मंडळी निघाली होती, बावीस माणसं. उत्तम म्हणाला, ‘आई, बाबा गेल्यापासून तू घराबाहेर पडली नाहीस, जा.’ नागपूरपर्यंत रेल्वेचा पास, पुढं मद्रासपर्यंतही पास, आणि तिथून विमान. विमानाचं काही सांगण्यासारखं नाही, कान दुखले. पण फुलं! भीमा, तिथली फुलं मी तुला सांगणार आहे, एकेक करून सांगणार आहे. आज नको. गुडघे आज बोलतायत, जिना चारदा चढले उतरले. जयंती उद्याच्या गाडीनं निघते. हे पत्र तिच्या हाती देणार नाही, पोस्टात टाकते. हातात दिलं की ती विचारेल काय लिहिलंय.

तुझी अक्का


दुर्गापुरा
शुक्रवार, २ जुलै २००४

भीमा,

तुझी नात रविवारी आली होती. वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी केली. इथं ज्वारी मिळते, पण पीठ जाडं दळतात, भाकरी थापताना कडा फाटतात. तीन भाकरी खाल्ल्या तिनं, आणि चौथी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. हॉस्टेलची भाजी पाण्यासारखी असते म्हणाली. तिला अभ्यास खूप आहे, डोळ्यांखाली काळं आलंय. आमची वल्लरी, उत्तमची मुलगी, बारा वर्षांची, ती तिच्या मागं मागं. वल्लरीचं मराठी तू ऐकलंस तर हसशील. फोटोतलं लाल फूल दाखवून सोनमला सांगते, ‘दीदी, हे फूल सच्ची आहे, मी आजीला विचारली, प्लास्टिकची नाही आहे.’

त्या फुलाचं सांगते. एकच चकचकीत लाल पान, तेल लावून पुसल्यासारखं, आणि त्याच्या मधोमध समईत उभी वात ठेवावी तशी पिवळी वात. मी बोट लावून पाहिलं. थंड आणि जाड, रबरासारखं. मला ते आवडलं नाही खरं म्हटलं तर. त्याला वास नाही, पाकळी नाही, गळायचं नाव नाही. त्यापेक्षा पांगारा बरा, तोही तिथं होता, रस्त्यानं सगळीकडे फुललेला. आपल्याकडच्यासारखाच, निष्पर्ण आणि लाल. बसमधून पांगारा दिसला की बाया ओरडायच्या, ‘आपला आपला!’ परदेशात गेलं की माणूस झाडाशीही नातं काढतं.

एका झाडाला तर फुलं खोडालाच. खोडातून दोरखंड लोंबतात नि त्यांना गुलाबी, मांसल फुलं. फुलाच्या आत छत्रीसारखं झाकण आणि खाली बारीक दाण्यांची गर्दी. ते लोक म्हणतात आत स्तूप आहे आणि भोवती भिक्खू बसलेत. आणि फळं तोफेच्या गोळ्याएवढी, डोक्यात पडलं तर तिथंच जयभीम. ते लोक त्याला साल म्हणतात. आमच्याबरोबर आप्पासाहेब होते, नागपूरचे रिटायर पोस्टमास्तर, आमचे पुढारी तेच. ते गाईडशी भांडायला लागले, ‘हा साल नव्हेच. भगवंतांचा जन्म ज्याखाली झाला तो साल वेगळा, मी नेपाळात पाहिलाय.’ गाईड बिचारा हसून म्हणे, ‘सर, हमारे लिए यही है.’ आप्पासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

अनुराधपूरला बोधिवृक्षाकडे जाताना रस्त्याच्या कडेला बायका निळी कमळं विकत बसल्या होत्या. निळी, भीमा! आकाशी नाही, जांभळी नाही, आपल्या शाळेच्या दौतीत पाणी घातलं की होते तशी. देठ लांबलचक. विकणारी बाई एकेक पाकळी बोटानं मागं वळवते, पटपट, शेंगा सोलाव्यात तशी, आणि कळीचं फूल करून हातात देते. मी पाच घेतली नि नाकाला लावली. सवयच. तशी त्या बाईनं माझा हात धरला. रागावली नाही, पण मान हलवायला लागली, ‘ना, ना.’ गाईडनं सांगितलं, वाहायचं फूल हुंगायचं नाही, पहिला वास त्याचा. आता हे आपल्याला का ठाऊक नाही? आई आपल्या पाठीत धपाटा घालायची फूल हुंगलं तर. मी खजील झाले. आप्पासाहेब म्हणाले, ‘द्वारकाबाई, ही आता तुमची झाली. दुसरी घ्या.’ दुसरी घेतली. ती हुंगलेली पाच मी पिशवीत घातली. दुपारी बघते तर सगळी मिटलेली, मुठी आवळल्यासारखी.

आणि तिथं सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत. देवळात जायचं तर पांढरंच. आपणही वंदनेला पांढरं नेसतो, पण आपल्यात गळ्यात मंगळसूत्र असतं, कपाळाला टिकली असते, एका नजरेत कळतं कोणाचं काय आहे. तिथं काही कळत नाही. कपाळ मोकळं, केस साधे, म्हातारी काय नि तरणी काय. मी रांगेत उभी राहून बघत होते, हिचा नवरा असेल का, तिचा नसेल का. काही पत्ता लागेना. कोणी कोणाकडे त्यासाठी बघतच नव्हतं, मी सोडून.

फुलं तिथं देठ काढून ठेवतात, दगडी कट्ट्यावर ओळीनं. आपण म्हणतो तीच फुलाची गाथा ते म्हणतात, चाल वेगळी, लांबवलेली. हे फूल कोमेजतं तसा हा देहही जाणार, तीच. आमची गाथा संपते ना संपते तोच एक म्हातारी आली, आणि कोपरापासून हात लावून सगळी फुलं एका झटक्यात टोपलीत लोटली. मागच्यांना जागा पाहिजे ना. आमची निळी कमळं दहा मिनिटंसुद्धा राहिली नाहीत. बाकी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र बाजूला जाऊन बसले. शालिनीबाई, कामठीच्या, बसमध्ये माझ्या शेजारी असायच्या, त्या म्हणाल्या, ‘ऊन लागलं का?’ मी हो म्हटलं.

ऊन नव्हतं लागलं. पण हे पत्र कोण वाचतंय मला ठाऊक नाही. सोनम इथं आहे, म्हणजे आता जयंतीच वाचत असेल. तसं असेल तर पुढचं लिहिता येईल. जरा दम खाते. इथं पाऊस नाही, लाइट जाते येते, आणि मला आजकाल बसल्या जागी झोप येते.

अक्का


दुर्गापुरा
मंगळवार, १३ जुलै २००४

जयंती, हे पत्र तू वाचणार. जावईबापू घरात नसताना वाच. आणि मधे थांबू नकोस.

भीमा,

मतलब सरळच लिहिते. कँडी गावात आम्ही एका घरगुती हॉटेलात उतरलो होतो, डोंगराच्या उतारावर. सकाळी मालकिणीची मुलगी ताटात चाफा घेऊन आली. पांढरा, आत पिवळा, आपल्या देवचाफ्यासारखाच, पण तळहाताएवढा. रात्री पडलेली नाही, झाडावरून काढलेली फुलं. प्रत्येक बाईला एकेक. आम्ही अकरा बायका. कोणी पर्समध्ये ठेवलं, कोणी केसात घातलं. शालिनीबाईंनी कानामागं खोवलं. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. साठीच्या बाई, पण हौस दांडगी.

आणि माझा हात वर गेला, भीमा. मी त्याला सांगितलं नव्हतं. बोलता बोलता वर गेला आणि शालिनीबाईंच्या कानामागं त्या फुलाच्या देठाला लागला.

त्या म्हणाल्या, ‘काय हो, मुंगी आहे का?’

सगळ्या बघायला लागल्या. माझी बोटं देठावर. ओढलं असतं तर निघालंच असतं.

मी म्हटलं, ‘नाही. सैल बसलंय. पडेल.’

‘मग घट्ट करा की. पडलं तर या वयात दुसरं कोण देतंय!’

सगळ्या हसल्या. मी माझ्या केसांतला आकडा काढला आणि ते फूल पक्कं बसवलं. मग दिवसभर मोठ्या बागेत फिरलो. ऑर्किड म्हणून एक असतं, त्याचा तिथं आख्खा काचेचा बंगला आहे. एक फूल गांधीलमाशीसारखं, एक अगदी बाळाच्या जिभेसारखं. एका झाडाची लालभडक फुलं पोपटाच्या चोचीसारखी खाली लटकलेली. लोक म्हणत होते जन्मात पाहायला मिळणार नाही. मी पाहिलं, आणि पाहिलंच नाही. शालिनीबाई पुढं चालत होत्या, आणि मला तेवढं एक फूल दिसत होतं. संध्याकाळपर्यंत कडा तपकिरी झाल्या तरी त्यांनी ते काढलं नाही. फोटो बघशील तर मी सगळीकडे हात पदराखाली घेऊन उभी आहे. अलकानं विचारलं, ‘आई, थंडी होती का?’

तुझ्या दिनकररावांना जाऊन नोव्हेंबरात दहा वर्षं होतील. त्या दिवसाचं मी तुला कधी लिहिलं नाही. लोणच्याचं लिहिलं, कूलरचं लिहिलं, उत्तमच्या प्रमोशनचं लिहिलं. लिहिणार कशी, आधी हिंमत नव्हती, आणि आता कळतंय की ते सोनमनं वाचून दाखवलं असतं. म्हणजे एका परीनं बरंच झालं, असं स्वतःला सांगते. पण जयंती तिथं होती. तिच्यापासून काय लपवायचं.

मी सकाळच्या पॅसेंजरनं उतरले. तुझ्या दारात गल्लीतल्या बाया बसलेल्या. तू भिंतीला टेकून, कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, केसात मोगऱ्याचा गजरा कोमेजलेला. मला बघून रडली नाहीस. तू म्हणालीस, ‘अक्का, आपल्यात आता ते काही करायचं नाही. आपण ते सोडलंय.’ स्पष्ट म्हणालीस. मी ऐकलं. आपली थोरली आत्या होती तिथं, ती मला म्हणाली, ‘मोठी बहीण आहेस ना, तूच कर. परक्यानं हात लावण्यापेक्षा.’ आणि मी केलं. दीक्षा घेतली तेव्हा मी सोळा वर्षांची होते, घरातले देव आपल्या बापानं माझ्या हातानं नदीत सोडायला लावले. बावीस प्रतिज्ञा मला तेव्हा पाठ होत्या, आजही आहेत. तरी माझा हात पुढं गेला. कुंकू पुसलं, बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या, गजरा ओढून काढला. त्याबरोबर तुझे केसही आले थोडे. आईनं आपल्या काकीला केलं होतं, तसंच, त्याच क्रमानं. कोणी शिकवलं नव्हतं.

तू माझ्याकडे बघून एकच विचारलंस. ‘कुठं टाकलीस?’ मला वाटलं दुःखानं काहीबाही बोलतेस. मी गजरा मोरीपाशी टाकला होता. कोणीतरी त्यावर पाणी ओतलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. तेराव्या दिवशी मी निघाले तेव्हा तू आतल्या खोलीतून बाहेर आली नाहीस.

आता माझं सांगते, म्हणजे तुला सगळं ठाऊक असावं. २००१ साली आमचे हे गेले, तेव्हा इथल्या बाया आल्या होत्या. आपल्या समाजातल्या रेल्वेच्या, आणि खालच्या मजल्यावरच्याही. अलकानं दार लावून घेतलं आणि म्हणाली, ‘आईंना कोणी हात लावायचा नाही.’ पस्तिशीची होती ती तेव्हा, पण आवाज असा की बाया मागं सरल्या. आणि मी गप्प बसले. मला बरं वाटलं, भीमा. सुटले असं वाटलं. माझ्या हातात दोन हिरव्या बांगड्या आजही आहेत. हे लिहितानाही वाजतायत.

मी माफी कशी मागतात ते शिकले नाही. तू म्हणशील ते करीन. नाही म्हणालीस तर पत्रं बंद करीन, सोनमला भाकऱ्या मात्र घालीन, ते तू थांबवू नकोस. फार थकले आहे. जयंती, हे संपल्यावर ती ‘ठेव’ म्हणाली तर ठेव.

द्वारका


दुर्गापुरा
सोमवार, २ ऑगस्ट २००४

भीमा,

हे पोस्टानं पाठवत नाही. सोनमच्या हाती देते आहे, ती तुला वाचून दाखवील, म्हणून बेतानं लिहिते.

काल रविवारी जयंती आली. एकटी. मी म्हटलं, ‘अगं तू केव्हा आलीस? पोरीची तब्येत बरी आहे ना?’ जुलैत सोनमला हॉस्टेलच्या जेवणानं ताप आला होता, चार दिवस मी तिला इथं आणून भाताची पेज पाजली, ते तुम्हाला उत्तमच्या मोबाइलवरून कळवलंच होतं. तर जयंती म्हणाली, ‘म्हणूनच आलो. आई म्हणाली, पोरीला हॉस्टेलातून काढा, मी जाते, खोली घेते, भाकरी करून घालते. परीक्षा होईपर्यंत तिथंच राहते.’

‘मग कुठं आहे ती?’

‘गोपालपुऱ्यात. गुरुवारपासून.’

‘गुरुवारपासून! आणि आज रविवार!’

‘आई म्हणाली, तुझ्याकडं जिना आहे.’

‘तिला काय ठाऊक जिना आहे का लिफ्ट?’

‘मावशी, तू दर पत्रात लिहितेस. पहिल्या ओळीत गुडघे, दुसऱ्या ओळीत जिना.’

अलका स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती, मला दिसलं. मी इतकी हरखले की चहात मीठ घातलं. जयंतीनं तो अर्धा प्यायलाही, मग बोलली.

भीमा, तू साठीची, उभ्या आयुष्यात भुसावळ सोडलं नाहीस, आणि नातीसाठी या वैराण गावात येऊन स्टोव्ह मांडलास. मला तुझा हेवा वाटला. सोनमला पेज मी पाजली, पण तापात ती तुझंच नाव घेत होती. ते मी फोनवर सांगितलं नव्हतं.

मग जयंतीनं सांगितलं की तेरा तारखेचं पत्र तिनं तुला वाचून दाखवलं. तू दुसऱ्यांदा वाचायला लावलंस. दुसऱ्यांदा वाचताना मधेच म्हणालीस, ‘थांब. तिला सांग, मोगरा नव्हता. दिवाळीनंतरचे दिवस, मोगरा कुठला? शेवंतीची वेणी होती. पिवळी.’ आणि मग म्हणालीस, ‘त्यांनी आणली होती. आदल्या संध्याकाळी, बाजारातून, पुड्यात बांधून. लग्नाच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून आणली होती. मला ती वाळेपर्यंत ठेवायची होती.’

जयंतीलाही हे ठाऊक नव्हतं म्हणे. तिला तू तेव्हाच सांगितलंस.

भीमा, मी दहा वर्षं असं समजत होते की आपलं भांडण रीतीवरून आहे. आपण बौद्ध, आपल्यात हे नाही, तरी मी केलं, त्याचा तुला राग. मनातल्या मनात मी तुला उत्तरंही देत असे, की आत्या होती, की बाया बघत होत्या, की मी चौथी शिकलेली बाई, मला काय कळतं. ती सगळी उत्तरं काल संपली. तू मला विचारलं होतंस, कुठं टाकलीस. आणि मी तुला विचारलं नव्हतं, कोणी आणली. एवढं एक विचारायला काय लागतं? तोंडच लागतं ना, आणि ते मला कमी नाही.

मोगरा कुठून आला माझ्या डोक्यात, देव जाणे. देव जाणे म्हणायची सवय जात नाही. इतक्या वेळा तो दिवस आठवला की मी त्यात स्वतःची फुलं घातली. शेवंती होती. पिवळी होती. दिनकररावांनी आणली होती. मी मोरीत टाकली. आता बरोबर लिहिलं.

सोनम, इथवर वाचून तुझ्या आजीकडे बघू नकोस. पुढचं वाच.

जिन्याचं मी बघितलंय. मिश्राजींच्या बायकोशी गव्हाचं भांडण मिटवलं, त्यांच्या ओसरीत गादी टाकून देणार आहेत, तिथं पंखा आहे. तू वर चढायची काही गरज नाही. मी खाली येईन. जेवणही खाली आणू. ज्वारीचं पीठ मी चाळून घेतलंय, पण भाकरी तू थापायची नाहीस, अलका करील. इथले लोक फार आग्रह करतात, मिश्राजींची बायको घेवर देईल, गोड मधाळ असतं, थोडंच खा.

काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी लंकेची फुलं सांगत बसेन, अजून निम्मी राहिलीत. जयंती सांगते तू त्या साल झाडाच्या ठिकाणी हसलीस. मला खरं वाटलं नाही, मी तिला शपथ घालून विचारलं.

काल निघताना जयंतीनं जिन्यात चपला घालता घालता सांगितलं, तिची भुसावळची गाडी नऊ तारखेला सोमवारी आहे, त्याच्या आधी एकदा येऊन जाऊ. मी विचारलं, किती जणी? ती म्हणाली, तिघी. मला नीट ऐकू येत नाही असं सांगून मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिघी, येत्या रविवारी, आठ तारखेला, सकाळी दहाच्या आत.